न काढलेलं अपेंडिक्स

एकदा एका आईने नवस बोलला. तिच्या मुक्ताच्या पोटात उजवीकडे दोन दिवस कळा येत होत्या, आणि घरीदारी सगळे म्हणत होते, अपेंडिक्सच असणार. "लेकीचं अपेंडिक्स सुखरूप निघू दे, अंबाबाई, खणानारळाने तुझी ओटी भरीन," असं ती ऑपरेशन थिएटरच्या दाराशी हात जोडून म्हणाली.

तासाभराने वृद्ध शल्यविशारद बाहेर आले, मागून त्यांचा शिष्य.

"दुर्बिणीतून सगळं पोट पाहिलं, ताई. अंडाशयावरची पाण्याची गाठ फुटली होती, कळा तिच्याच. अपेंडिक्स निरोगी दिसलं, ते ठेवलं."

"काढलं नाहीत?" आईचा चेहरा पडला. "अहो, मी देवीला शब्द दिलाय! आत गेलाच होतात, तर तेवढं घेऊन यायचं होतं!"

शिष्याला हसू आवरेना. पण तोही म्हणाला, "सर, मीही हेच सुचवलं होतं. पोटावर खुणा राहणार. उद्या खरंच अपेंडिक्स सुजलं तर लोक म्हणतील, ते कधीच काढलंय. घोटाळा नको म्हणून तरी काढायचं."

वृद्धांनी वाद घातला नाही. मुक्ताची फाइल आणि खिशातलं पेन आईच्या हाती देऊन ते म्हणाले, "फाइलच्या पहिल्या पानावर लिहा, मुक्ताचं अपेंडिक्स पोटातच आहे."

"डॉक्टर तुम्ही, आणि लिहायचं मी?"

"माझं अक्षर तुमच्या घरात कुणाला लागणार आहे?" ते हसले. मग शांतपणे बोलले, "दुखण्याचं कारण सापडलं नसतं, तर कदाचित काढलंही असतं, मुक्ताची तशी संमती होती. पण कारण सापडलं. लोकांचा गैरसमज होईल या भीतीने चांगला अवयव कापायचा नसतो. गैरसमज सांगून, लिहून टळतो. समाचाराला येणाऱ्यांना तुम्ही 'निघालं' म्हणालात, आणि पुढे ते खरंच सुजलं, तर ही पोर त्या एका शब्दापायी ओवा खात घरी बसेल. आणि ताई, देवीकडे तुम्ही मागितली होती ती लेकच ना?"

आईने मान डोलावली. जपून, एकेक अक्षर तिने लिहिलं.

इतक्यात नणंदेचा फोन आला. "निघालं का गं एकदाचं?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही वन्सं," ती म्हणाली. "आत आहे, आणि चांगलं आहे. दुखणं दुसरंच होतं. घरी सगळ्यांना असंच सांगा हं."

शिष्याने ते पान एकदा वाचलं आणि फाइल मिटून दोन्ही हातांनी आईकडे दिली.

आपल्याही घरी कुणी ऑपरेशन होऊन आलं, तर एवढं कराच. काय काढलं आणि काय ठेवलं, ते डॉक्टरांना विचारा आणि आपल्या हाताने लिहून ठेवा.