टिटवीचं तळं

माळाला अजून कुंपण नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. सगळ्या माळावर ऊन झेलणाऱ्या काचा बसवायचं ठरलं होतं आणि नमुन्याची एक रांग उभी राहिली होती. टिटवीला ते तळंच वाटलं. पावसात तळ्याचं पाणी चढणार म्हणून टिटव्यांच्या रीतीप्रमाणे तिने अंड्यांसाठी उंचवट्यावर जागा उकरली आणि ती पाणी प्यायला खाली उतरली.

चोच टक्कन काचेवर आपटली. काचेत अख्खं आभाळ होतं, ढगांसकट. टिटवी पाहतच राहिली.

काचांना तारांनी जोडलेली शेजारची लोखंडी पेटी घुमली, "दिवसभराचं ऊन मी पोटात साठवते आणि रात्री गावंच्या गावं उजळते. उद्या हा सगळा माळ असाच आभाळ होईल!"

"केवढं गं तुझं पोट!" टिटवी हरखून म्हणाली. मग तिने पायाने माती चाचपली.

"आभाळ सुरेखच आहे, बाई. पण मी अंडी जमिनीवर घालते."