ठिपक्यांचा अर्ज

विद्यापीठाचा टेलिफोन हेमलताताई दळवी सांभाळत. त्यांना दिसत नसे, पण पडद्यावरचं सगळं संगणक त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. एके दिवशी त्याचा आवाजच गेला. ताईंनी फोनवरून तक्रार नोंदवली. माणूस आला, खटपट करून गेला, आणि मागोमाग ईमेल आला: 'काम झालं का? तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर झालं असं समजू.'

आता मुका संगणक तो वाचणार कसा आणि ताई उत्तर देणार कशा? तक्रार बंद झाली. असं तीनदा झालं.

संगणक विभागाच्या पोतनीस साहेबांना आपल्याकडे एकही तक्रार उघडी नसते, याचा कोण अभिमान! ताई भेटल्या तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे तर तुमचं काम झालेलं दिसतंय. ईमेलला तीन दिवसांत उत्तर आलं नाही, की काम झालं असंच आम्ही समजतो."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर ताईंचा कागद आला. शाईचं नाव नाही, नुसते उठावाचे ठिपके. साहेबांनी तो बाजूला सारला.

चार दिवसांनी ताई शिपायाला घेऊन दारात हजर.

"साहेब, तुमचा संगणक न्यायला आले. तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर तुमची हरकत नाही असं समजेन, असं अर्जात लिहिलं होतं."

"अहो, मला ब्रेल कुठे वाचता येतं?"

"मग मला तरी तुमचा ईमेल कुठे वाचता येत होता?"

साहेब ओशाळले. त्या दुपारी ते स्वतः ताईंच्या टेबलाशी बसले. संध्याकाळी संगणक बोलू लागला. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "ताई, झालं ना काम?"

"आत्ता झालं," ताई हसल्या. "विचारायचंच तेवढं राहिलं होतं."