मागे कोण होतं?

“पण एक तरी विमान पाडलं असेल की नाही त्यांनी?”

बुवांनी उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे, आणि थोडं वर. तिथे आभाळ होतं आणि एक घार होती.

“सर, मी तुम्हाला विचारतोय.”

“ऐकलं मी.”



निरंजन शितोळे कोल्हापूरहून निघून, एसट्या बदलत, अंग खिळखिळं करून घेत राजापूरच्या बाजूच्या या सड्यावर आला होता, तो एवढं एकच विचारायला. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं उघडं कातळाचं पठार. झाड औषधालाही नाही. वर नुसतं आभाळ, आणि मधोमध बुवांचं चिऱ्याचं घर.

निरंजनचे वडील, फ्लाइंग ऑफिसर उदय शितोळे, एकाहत्तरच्या लढाईत विमान घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा निरंजन आईच्या पोटात होता. आता त्याच्या कानशिलांवर पांढरे केस दिसू लागले होते. भिंतीवरच्या फोटोतले वडील मात्र चोवीस वर्षांचेच राहिले होते. हल्ली त्या फोटोकडे बघताना त्याला वाटायचं, हा आपला धाकटा भाऊ शोभेल. मग त्याचं त्यालाच कसंतरी व्हायचं.

एक बाप मिळाला नाही, म्हणून या पठ्ठ्याने साऱ्या जगाचे वैमानिक गोळा केले होते. लढाऊ वैमानिकांवर तो गावोगावच्या शाळा-कॉलेजांत व्याख्यानं द्यायचा. कुणी कुठल्या लढाईत किती विमानं पाडली, कोण जळतं विमान घेऊन उतरला, सगळं तोंडपाठ. पोरं श्वास रोखून ऐकायची. टाळ्या पडायच्या, आणि त्या त्याला आवडायच्याही.

शेवटी मात्र कुणीतरी उठून विचारायचंच, “आणि तुमचे वडील, सर?”

तिथे निरंजन घड्याळाकडे बघायचा. सांगण्यासारखं काही नव्हतंच. पाडलेलं विमान नाही, पदक नाही. ‘बेपत्ता’ हा एक शब्द, आणि त्यावर काही टाळ्या पडत नाहीत.

त्या दिवशी वडिलांबरोबर उडालेला माणूस एकच होता. अच्युत बेहेरे. लढाई संपल्यावर काही वर्षांनी ते हवाई दलातून बाहेर पडले, या सड्यावर येऊन राहिले, दाढी वाढवली आणि बोलणं कमी केलं. गावाने त्यांना बुवा करून टाकलं. कमी बोलणाऱ्या माणसाला बुवा व्हायला आपल्याकडे फारसा वेळ लागत नाही. लोक बांधाची भांडणं घेऊन यायचे, पोरीच्या लग्नाच्या काळज्या घेऊन यायचे. बुवा ऐकून घ्यायचे, मागे बघायचे आणि एखादं वाक्य बोलायचे. त्या वाक्याचा अर्थ लावत लोक डोंगर उतरायचे.

खाली फाट्यावरच्या चहावाल्या सोनू गुरवाने निरंजनला आधीच सावध केलं होतं.

“बुवा सारखे मागं बगतात, तुमी घाबरू नका. आनि त्यांच्या मागनं चालू नका. कुनालाच चालू देत नाहीत. आमाला पन नाय.”

“का?”

“ते त्यांनाच म्हाईत. आनि हां, उतरताना वळनावर जरा थांबा. समोर खाडी दिसते. येनारा-जानारा थांबून बगतो.”

मागून चालू न देण्याचं झालंही तसंच. वाण्याकडून गूळ घेऊन निघालेले बुवा फाट्यावरच भेटले. “पुढे व्हा,” एवढंच म्हणाले. निरंजन पुढे, बुवा मागे. पाठीमागची पावलं मधूनच थांबायची, मग पुन्हा सुरू व्हायची. सगळी चढण निरंजनला आपल्या पाठीवर कुणी पहारा ठेवल्यासारखं वाटत होतं.

आणि आता पडवीत गुळाचा चहा पिऊन झाला होता, आणि उत्तराचा पत्ता नव्हता.

“बरं,” बुवा एकदम म्हणाले, “तुमच्या व्याख्यानातला एखादा सांगा. आवडता.”

निरंजनची कळी खुलली. हे त्याचं घरचं मैदान. त्याने दोन्ही तळवे हवेत उचलले. डावा तळवा म्हणजे शत्रू, उजवा म्हणजे आपला गडी. डावा पळतोय, उजवा त्याच्यामागे. उजवा गिरकी घेतो, खाली सूर मारतो, सूर्य पाठीशी घेऊन वर येतो आणि…

“एका सकाळीत चार पाडली, सर!”

“चांगला होता,” बुवा म्हणाले. “त्याच्या मागे कोण होतं?”

“मागे?”

“हं. मागे.”

“ते… ते नाही माहीत. पण हा दुसरा ऐका.” निरंजनचे तळवे पुन्हा उडाले. “याच्या तर गोळ्या संपल्या होत्या. तरी नुसता अंगावर जाऊन त्याने समोरच्याला पळवून लावलं. काय छाती असेल!”

“हाही चांगला. त्याच्या मागे कोण होतं?”

“सर, नावं पुढच्यांची राहतात.”

“खरंय.”

बुवांनी खांद्यावरून मागे पाहिलं. निरंजनच्या डोक्यात तिडीक गेली. आपण जीव तोडून सांगतोय आणि म्हातारा घारी मोजतोय!

“सर, तुम्हाला कंटाळा आला असेल तर…”

“तिसरा सांगा.”

निरंजनने तिसरा सुरू केला खरा, पण आता त्यात जीव नव्हता. डावा तळवा पळाला, उजवा मागे लागला. तेवढ्यात बुवांनी स्वतःचा हात उचलला. सुरकुतलेला. तो त्यांनी निरंजनच्या उजव्या तळव्याच्या मागे आणला. किंचित उजवीकडे, किंचित वर. आणि तिथेच धरून ठेवला.

“तुमचा फिरवा ना,” ते म्हणाले.

निरंजनने तळवा वळवला. बुवांचा हात मागोमाग वळला. त्याने सूर मारला, मागच्यानेही मारला. अंतर तेवढंच. निरंजनने मुद्दाम हिसका दिला. मागचा हात सुटला नाही.

“उदय इथे उडायचा,” बुवा म्हणाले.

निरंजन त्या हाताकडे बघत राहिला…

लढाऊ विमानं जोडीने उडतात, हे त्याला ठाऊक होतं. पुढचा असतो लीडर. तो समोर बघतो, शत्रू शोधतो, गोळ्या झाडतो. मागचा असतो नंबर टू. त्याचं काम लीडरची पाठ राखायची. निरंजनच्या व्याख्यानात हे एक वाक्य होतं. वेळ कमी असला की तो नेमकं तेच गाळायचा.

“म्हणजे त्यांनी एकही नाही पाडलं,” तो हळूच म्हणाला.

“नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी पाडली.”

बुवांनी हे असं सांगितलं, की जणू कुणी त्यांना गुन्हा कबूल करायला लावला होता.

“त्या दिवशी काय झालं, सर?”

“परत येत होतो. नदी ओलांडली. मी रेडिओवर विचारलं, चेक. तो म्हणाला, टू.”

“टू म्हणजे?”

“म्हणजे, मी आहे. नंबर टूला एवढंच बोलायचं असतं.” बुवा थांबले. “आवाज जरा पोरसवदा होता त्याचा.”

निरंजनने वडिलांचा आवाज कधी ऐकला नव्हता. तो कसा होता हे आजवर त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. हा एक शब्द त्याने मनातल्या मनात म्हणून पाहिला.

“मग?”

“मग थोड्या वेळाने पुन्हा विचारलं…”

बुवांनी आपला हात काढून घेतला. निरंजनचा तळवा तसाच हवेत राहिला, एकटा. तो खाली कसा घ्यावा हे त्याला कळेना.

“कुणी मारलं? विमान होतं, की खालून तोफ?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही? तुम्ही तिथे होतात!”

“मी पुढे बघत होतो.”

निरंजन ताडकन उठला. एवढी वर्षं ज्या एका माणसाच्या भरवशावर होता, त्याने काही पाहिलंच नव्हतं.

“एकदा मागे वळून बघायला काय झालं होतं तुम्हाला? एकदा!”

बुवांनी मान खाली घातली.

“सगळ्या लढाईत मी एकदाही मागे बघितलं नव्हतं. उदय असताना कधी लागलंच नाही.”

…

“मग बघितलं,” ते म्हणाले. “आभाळ रिकामं होतं.”

निरंजन काहीतरी लागेलसं बोलणार होता. तेवढ्यात बुवांची मान पुन्हा वळली. उजव्या खांद्यावरून मागे, आणि थोडं वर. आणि आता निरंजनला दिसलं की म्हातारा घारी मोजत नव्हता.

त्याचा राग गळून पडला. वाट बघणं हे आपल्या घरातलं दुखणं, ते आपलं आणि आईचं, असं तो जन्मभर समजत आला होता. इथे या कातळावर आणखी एक माणूस तेच दुखणं घेऊन बसला होता, आणि त्याचं दुखणं निरंजनच्या जन्माहूनही सहा महिन्यांनी जुनं होतं. त्याला भडभडून आलं. तो पुन्हा खाली बसला.

मग तो म्हणाला, “आईने एक विचारायला सांगितलंय.”

खरं तर हा प्रश्न विचारायचाच नाही, असं तो ठरवून आला होता. इतक्या मोठ्या वैमानिकाला असलं काय विचारायचं, म्हणून त्याला लाज वाटत होती. पण निघताना दारात उभं राहून आईने दुसरं काहीच विचारायला सांगितलं नव्हतं.

“त्या दिवशी ते खाऊन निघाले होते का?”

बुवांचा चेहरा उजळला.

“जमिनीवर तो माझ्या समोर बसायचा!” ते म्हणाले. “तेवढं पाहिलंय मी. ऑम्लेट खाल्लं. सगळं खाल्लं. टोस्ट तेवढा माझ्या बशीत टाकला. म्हणाला, सर, हा तुम्ही खा, तुमचे दात अजून शाबूत आहेत. आमच्या मेसचा टोस्ट म्हणजे चिरा असायचा नुसता.”

निरंजन हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले. चोवीस वर्षांचा तो फोटो पहिल्यांदाच काहीतरी बोलला होता, आणि बोलला तोही थट्टेचं.

“आईला सांग,” बुवा म्हणाले. “पोटभर खाऊन निघाला होता.”

‘तुम्ही’चा ‘तू’ केव्हा झाला, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

उन्हं कलली. शेवटची एसटी गाठायची होती. बुवा फाट्यापर्यंत सोडायला निघाले. पायवाट सुरू होते तिथे ते सवयीने बाजूला सरकले.

“पुढे हो.”

निरंजन हलला नाही.

“सर, आज तुम्ही पुढे व्हा.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. निरंजनला वाटलं, आता हे आपल्याला हाकलून देणार. पण बुवांनी धोतराचा सोगा सावरला, काठी टेकली आणि उतरायला लागले.

निरंजन मागोमाग निघाला. किंचित उजवीकडे. उतारावर चालताना आपोआपच किंचित वर.

थोडं खाली गेल्यावर बुवांची मान उजवीकडे वळायला लागली. खांद्यापर्यंत आली…

“टू,” निरंजन म्हणाला.

मान तिथेच थांबली. मग हळूहळू समोर गेली.

वळणावर बुवा उभे राहिले. निरंजनला वाटलं, दम लागला असेल. तोही मागे उभा राहिला. अंतर तेवढंच ठेवलं. समोर खाली, दोन टेकड्यांच्या मधे, संध्याकाळच्या उन्हात खाडी पसरली होती. एक होडी परतत होती. होडी काठाला लागेपर्यंत बुवा तसेच उभे होते, एकदाही मागे न बघता.

फाट्यावर सोनू गुरवाने बुवांना पुढे आणि पाहुण्याला मागे पाहिलं, आणि त्याचा चहा उतू गेला.

एसटी आली. निरंजनने पायरीवर पाय ठेवला. आत बसलेल्या लोकांसमोर बोलायला त्याला संकोच वाटला, पण विचारल्याशिवाय त्याला जाववेना.

“सर, पोरं मला विचारतात. माझे वडील कशाने मोठे होते म्हणून सांगू?”

कंडक्टरने घंटी मारली. बुवा डोंगराच्या त्या वळणाकडे बघत होते.

“तिथून खाडी दिसते,” ते म्हणाले. “इतकी वर्षं राहतोय मी इथे… मला कुणी सांगितलंच नव्हतं रे.”