शेळी, छत्री आणि कर्नलसाहेबांचं भाषण

१९१७ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या एका लहानशा गावात कॉर्डेलिया मेबरी नावाच्या कृष्णवर्णीय बाई साप्ताहिक चालवत. गोऱ्यांच्या अन्यायावर त्या असं लिहीत, की गावातल्या बड्या धेंडांच्या नाकाला मिरच्या झोंबत.

अमेरिका महायुद्धात उतरली, तसे या धेंडांपैकीच एक, कर्नल ब्रॅडशॉ, ढेरी सावरत छापखान्यात आले. "या देशात सगळ्यांना समान न्याय आहे, म्हणून काळ्यांनीही लढायला जावं, असं भाषण मी केलंय. ते छाप. त्यातला एक शब्द जरी बदललास, तरी छापखान्याला टाळं!"

"शब्दाला हात लावणार नाही, साहेब."

अंक निघाला आणि गावभर खसखस पिकली. कर्नलसाहेब तणतणत आले. भाषणातला शब्दन् शब्द जागच्या जागी होता, त्यामुळे टाळं लावायची सोय नव्हती. पण ते छापलं होतं 'हरवले-सापडले' या सदरात! वर कानतुटकी शेळी, खाली मूठ मोडलेली छत्री, आणि मधे साहेब.

"हा काय चावटपणा?"

"तुमचा तो समान न्याय आमच्या वस्तीत कुणी पाहिलेला नाही, साहेब. म्हटलं, वाटेत कुठे हरवला असेल, तर सापडेल. शेळी आज सकाळीच सापडली!"

"अगं मूर्ख बाई, ते बातम्यांत छापायचं!"

"छापते की, साहेब. आधी घडू तर द्या!"