डोळे बांधलेला पंच

नदीकाठच्या एका गावात एकदा एका शेठजींनी जत्रेच्या खेळांतून मल्लखांब वगळला. शेठजी कापडाचे व्यापारी होते. विजेत्यांना चांदीचे कडे तेच देत, म्हणून खेळ कोणते व्हायचे हेही तेच ठरवत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचे माप लागे. शर्यतीत ज्याच्या छातीने सुतळी तुटेल तो पहिला. कुस्तीत ज्याची पाठ मातीला लागेल तो हरला. जड दगडी गोटा जो खांद्यावर घेईल, तो जिंकला.

"आणि मल्लखांबात काय आहे?" पारावर बसून ते म्हणाले. "एक जण चढतो, कसरत करतो, उतरतो. मग पंच म्हणतो, हा नऊ आणि तो साडेनऊ. हा अर्धा आणला कुठून? जिथं माप नाही तिथं मत, आणि जिथं मत तिथं वशिला! बघायला छान आहे, नाही म्हणत नाही. पण तो खेळ नव्हे."

गावच्या तालमीत एक वृद्ध वस्ताद होते. चाळीस वर्षे त्यांनी मल्लखांब शिकवला आणि त्यांतली तीस वर्षे पंच म्हणून गुण दिले. त्यांचा पंचविशीतला एक शिष्य अकरा वर्षे त्या खांबावर अंग घासत होता. शेठजींचे बोलणे कानावर आले तेव्हा त्याला वाईट वाटायला हवे होते. खरे सांगायचे तर त्याला बरे वाटले. आदल्या वर्षी तो अर्ध्या गुणाने हरला होता, आणि तो अर्धा गुण कापणारे पंच त्याचेच वस्ताद होते. 'स्वतःच्या शिष्याला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून माझा बळी दिला,' असे तो मित्रांना सांगे. आणि वर्षभर सांगता सांगता त्याला ते खरेच वाटू लागले होते.

तो तालमीत गेला. वस्ताद खांबाला एरंडेल चोळत होते.

"वस्ताद, जत्रा झाली की मी कुस्तीच्या मातीत उतरणार. तिथं पाठ लागली की लागली. कोणाच्या तोंडाकडं बघायला नको."

वस्तादांचा हात थांबला नाही. "जा की. धरून कोण ठेवतंय? फक्त यंदा एकदा चढून जा."

"यंदा खांब आहेच कुठं? शेठजींनी काढलाय."

"बघू," वस्ताद म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते शेठजींच्या पेढीवर गेले. "शेठ, मल्लखांब एवढ्या वेळी होऊ द्या. तुम्ही माझ्या शेजारी बसा. मी सांगेन ते नुसतं माझं मत आहे असं तुम्हाला वाटलं, तर खांब मी माझ्या हातानं उपटीन. पुन्हा या गावात पुरणार नाही."

चाळीस वर्षे एका सकाळीसाठी पणाला लावणाऱ्या त्या माणसाकडे शेठजी पाहतच राहिले. मग त्यांनी होकाराची मान हलवली.

जत्रेच्या दिवशी स्पर्धक दोनच होते, हा शिष्य आणि नदीपलीकडच्या तालमीतला एक तरुण. आधी कोण चढणार हे चिठ्ठी टाकून ठरायचे होते. चिठ्ठी उचलण्यापूर्वी वस्तादांनी डोक्याचे मुंडासे सोडले, त्याची घडी केली आणि स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधली. मग ते खांबाच्या बुंध्याशी मातीत बसले, उजवा तळहात लाकडाला लावला आणि म्हणाले, "कोण आहे ते मला सांगू नका. सुरू करा."

माणसे हसू लागली. "वस्ताद, आंधळी कोशिंबीर मांडलीत काय?" कोणीतरी ओरडले. "पंचाला राज्य आलं!"

चिठ्ठी शिष्याची निघाली. त्याने खांबाला नमस्कार केला आणि उडी घेतली. त्या दिवशी त्याचे अंग त्याचे राहिले नव्हते. तो वेलीसारखा खांबाला वेढत वर गेला, खांबाच्या टोकावरच्या बोंडावर एका पायावर उभा राहिला, तिथून मागे झुकला आणि डोके खाली, पाय वर, खांब मांड्यांच्या पकडीत अशा तेढीत आला. खालचा गलका थांबला. तेढीतून वळताना त्याची डावी मांडी घसरली. बोटभर, फार तर बोटभर. त्याने ती घसरण पुढच्या वळणात अशी मिसळून टाकली की ते वळणच अधिक डौलदार दिसले. तो उतरला तेव्हा टाळ्यांनी नदीकाठचे बगळे उडाले.

"निर्मळ!" शेठजी उठून उभे राहिले. "आता ह्यातलं काय कापणार तुम्ही?"

वस्तादांचा तळहात खांबावरच होता. "हा जो कोण असेल, त्यानं मन तृप्त केलं. पण तेढीतून वळताना डावी मांडी घसरली. मग ते त्यानं पुढच्या वळणात लपवलं. लपवलं मात्र सुंदर. साडेनऊ."

"झालं!" शेठजी म्हणाले. "मी उघड्या डोळ्यांनी बसलोय, मला काही दिसलं नाही. आता हे मत नव्हे तर काय?"

"मला विचारू नका, शेठ. ज्याची मांडी आहे त्याला विचारा."

सगळे शिष्याकडे वळले. एक 'नाही' म्हटले की गुण पूर्ण, कडे जवळजवळ हातात आणि मागच्या वर्षाचीही फेड. वस्ताद मुकाट्याने उठून खांब उपटतील. त्याला खोटे ठरवू शकेल असे त्या मैदानात कोणीही नव्हते.

त्याने बुंध्याशी बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडे पाहिले. डोळ्यांवर मुंडाशाची घडी, गुडघ्यांना माती. उत्तर कोण देणार हे त्या चेहऱ्याला ठाऊकही नव्हते. आणि तरी, आपल्या कातडीखेरीज कोणालाच ठाऊक नाही असे जे त्याला वाटत होते, ते त्या हाताला बुंध्याशी पोहोचले होते.  वर्षभर ज्याच्याकडे तो नुसता गुण कापणारा म्हणून पाहत होता, तो माणूस त्याच्याबरोबर त्या खांबावर चढला होता.

"घसरली," तो म्हणाला. "बोटभर."

आवाज ओळखून वस्तादांची बोटे लाकडावर किंचित घट्ट झाली. 

दुसरा तरुण चढला तेव्हा शेठजींनी, कोणी न सांगता, पुढे होऊन आपलाही तळहात खांबाला टेकवला. थोड्या वेळाने ते कुजबुजले, "वस्ताद, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. पण आत काहीतरी चाललंय एवढं कळतंय." त्यांचा आवाज देवळात बोलावे तसा झाला होता.

त्या तरुणाला पावणेदहा मिळाले आणि कडे नदीपलीकडे गेले. शेठजी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत उभे होते. "वडिलांनी मला आधी चिमटीत कापड ओळखायला शिकवलं," ते म्हणाले. "गज हातात दिला तो मागाहून. विसरलोच होतो. खांब राहू द्या, वस्ताद."

गर्दी पांगल्यावर शिष्याने विचारले, "डोळे का बांधलेत?"

"डोळे लबाड असतात, बाळ. ते चेहरा बघतात, माझा की परका ते बघतात. मत तिथंच तयार होतं, म्हणून तेवढं दार लावून घेतलं. शर्यतीला सुतळी बांधता येते, आणि तुटलेली सुतळी कोणालाही दिसते. खांबावर कुठं बांधणार? तिथं माणसालाच सुतळी व्हावं लागतं. त्यात जन्म जातो, आणि तरी चूक होते. माझीही झाली आहे. पण मी चुकलो तर गुण चुकतात. खेळ माझ्या तोंडून निघत नाही. मी तोंड उघडण्याआधीच तो होऊन गेलेला असतो."

 शिष्य हळूच म्हणाला, "मागच्या वर्षीचा तो अर्धा गुण..."

"तेव्हा डोळे उघडे होते माझे," वस्ताद म्हणाले. "चुकलोही असेन. तूच सांग, काय झालं होतं?"

वर्षभरात हे त्याला कोणी विचारले नव्हते. त्याने स्वतःलाही नाही. त्याने डोळे मिटले, आणि त्याच्या पायांना सारे आठवले.

"उतरताना घाई केली होती मी," तो म्हणाला. "जमिनीवर पाय टेकण्याआधीच पकड सोडली."

"मग?"

"मग काही नाही, वस्ताद. उद्या सकाळी किती वाजता येऊ?"

निकाल दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो, एवढ्यावरून तो दुसऱ्यानेच घडवला असे समजू नये.