खचलेली पाकळी

"सांगा अप्पा, आधी कोणाला ठोकू? खोदणाऱ्याला की दाबणाऱ्याला?"

मठाच्या ओसरीवर बसलिंग अप्पा शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दोघं वेगळे आहेत का रे?"

"नाहीत! तेच तर! पोकलेन त्याचं, रोलरही त्याचा. खोदलं मैनुद्दीनने, मुरूम दाबला मैनुद्दीनने, आणि नाक कापलं गेलं माझं!"

तिमण्णा विटकराच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. जाणार नाही तर काय! अप्पा त्याचे गुरू, आणि गुरूच्या अंगणात त्याने दगडी कमळ मांडलं होतं. मधे काळा दगड, भोवती तांबड्या दगडाच्या पाकळ्या, आणि त्याच्याबाहेर साधी शहाबादी फरशी. असं काम पंचक्रोशीत कोणी केलं नव्हतं. निदान तिमण्णा तरी सगळ्यांना तसं सांगत फिरत होता. उद्या सकाळी सगळं गाव ते बघायला येणार होतं. आणि आज दुपारी पाण्याचा टँकर आत काय आला, एक आख्खी पाकळी बोटभर खाली बसली!

तेव्हाच तिमण्णाने थेट फाटक गाठलं होतं. मजुरांच्या देखत मैनुद्दीनच्या हातातून रोलरची किल्ली हिसकली होती. "कामचोर! तुझं माझं संपलं. कोण तुला काम देतं तेच बघतो आता!"

एका ट्रॅक्टरवर दोघांनी मिळून धंदा उभा केला होता. ते सगळं तिमण्णाने त्या एका दमात धुळीला मिळवलं.

मैनुद्दीन तिथेच रोलरच्या सावलीत जाऊन बसला. उद्या गावभर होणार होतं, मैनुद्दीनचं काम कच्चं. यंत्रवाल्याबद्दल एवढं पसरलं की पुरे, पुन्हा कोणी दारात उभं करत नाही.

"किल्ली कुठाय?" अप्पांनी विचारलं.

"माझ्या खिशात."

"बरं..."

"बरं काय, अप्पा? गुरू ना तुम्ही माझे? मग न्याय करा!"

"मला काय कळतंय तुमच्यातलं! मुरूम कुठला नि वाळू कुठली, मी दोन्हीवरून अनवाणीच चालतो." अप्पांनी दोन दाणे तोंडात टाकले. "पण ठोकायचंय म्हणालास ना? मग ठोक."

अप्पा उठले. कोपऱ्यात मजुरांची धुम्मस टेकवून ठेवली होती. माती ठोकून बसवायचा तो लोखंडी ठोकळा, लांब दांड्याचा आणि चांगलाच जड. अप्पांनी दांडा धरला तसं हाताला कोळ्याचं जाळं चिकटलं. त्यांनी हात धोतराला पुसला.

"पाकळी उचल. खालची जमीन म्हणजे मैनुद्दीन समज. एक शिवी दे, एकदा ठोक."

"मठात शिव्या?"

"आज चालतील."

तिमण्णाला हेच हवं होतं. त्याने पहार घालून पाकळीचे दगड काढले, वाळू बाजूला ओढली आणि दोन्ही हातांनी धुम्मस डोक्यापर्यंत नेली.

"हरामखोर!"

धुम्मस मुरमात घुसली.

"बेइमान! मीठ खाल्लंस ना रे माझं!"

आणखी आत गेली.

"गावासमोर तोंड काळं केलंस!"

वीतभर खड्डा पडला. घामाने डबडबलेल्या तिमण्णाला जोर चढला. तो ओरडला, "बघा, अप्पा! तुमच्या डोळ्यांनी बघा! नुसतं पोकळ! दाबलंच नाही त्या नालायकाने!"

"खरंच रे. फार वाईट." अप्पा खड्ड्यात वाकून बघत होते. "आता जरा कमळाच्या बाहेर ये. तिथली एक फरशी काढ. तिथेही तोच आहे ना? त्यालाही दोन दे."

तिमण्णाने तावातावाने एक शहाबादी उचलली. धुम्मस आपटली.

ती टणकन उलटली. दांडा हातातून सुटता सुटता राहिला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या.

त्याने पुन्हा आपटली. या खेपेला दातावर दात आदळले. जमिनीवर साधा ओरखडासुद्धा उठला नाही.

...

"शिवी राहिली," अप्पा म्हणाले.

तिमण्णाच्या तोंडून शिवी निघेना.

कारण त्याला तो दिवस आठवला होता. मैनुद्दीन कडेकडेने मुरूम दाबत रोलर घेऊन अंगणाच्या मध्यापर्यंत आला होता. आणि मध्यावर तिमण्णा हात पसरून उभा होता. मठाचे विश्वस्त बघायला येणार म्हणून त्याने जमीन दाबायच्या आधीच पाकळ्यांच्या कडा लावून टाकल्या होत्या. शोभा आधी, पाया मागून! "माझ्या पाकळीला चाक लागलं तर याद राख!" असं वर तोंड करून म्हणाला होता तो.

"तिम्मा, आत कच्चं राहील रे," मैनुद्दीन रोलरवरून म्हणाला होता.

"आतलं मी हाताने ठोकतो. तू नीघ!"

मग विश्वस्त आले, शाल अंगावर पडली. शालीच्या तोऱ्यात ठोकायचं कसलं लक्षात राहतंय? वर वाळू पसरली, दगड बसले, आणि धुम्मस कोपऱ्यातच राहिली.

तिमण्णाने ती धाडकन खाली टाकली.

"तुम्हाला माहीत होतं, अप्पा!"

"मला कसं माहीत असणार? मी शेंगा खात होतो."

तिमण्णा पाय आपटत फाटकाकडे गेला. आता राग कोणावर काढावा तेही त्याला कळेना. त्याने किल्ली पुढे केली. "घे, मैनू. चूक माझी होती."

मैनुद्दीन उठून उभा राहिला. किल्लीला हात लावला नाही.

"चार माणसांत हिसकलीस. चार माणसांत दे."

"अरे, चुकलो म्हणतोय ना मी!"

"माझी चूक चव्हाट्यावर, आणि तुझी अशी कानात?" मैनुद्दीनने रोलरकडे तोंड फिरवलं. "जा, तिम्मा. जा तू इथून."

तो पुन्हा सावलीत जाऊन बसला.

तिमण्णा परतला तो दुप्पट पेटून. "बघितलात माज? मी स्वतः गेलो, मी! आणि हा मला जा म्हणतो! म्हणे, किल्ली चार माणसांत दे!" येरझाऱ्या घालता घालता तो थांबला. आवाज उतरला. "अप्पा, एक करता येईल. अजून उजेड आहे. खड्डा वाळूने भरतो, दगड पुन्हा लावतो. उद्याचा दिवस निभावून जाईल. गाव बघून गेलं की सगळं कमळ उचलू आणि खालून नीट दाबून घेऊ. सगळ्याच पाकळ्या पोकळ आहेत म्हणा... पण कोणाला कळायचं नाही. किल्लीचं काय, नंतर बघू."

अप्पा ओच्यात शेंगा घेऊन खड्ड्याकडे आले.

खड्ड्याशेजारी पाकळीचे दगड पडले होते. तिमण्णा त्यातला मोठा दगड उचलायला वाकला, तेवढ्यात अप्पा त्याच दगडावर बसले. शांतपणे मांडी घातली, ओच्यातल्या शेंगा काढल्या आणि टरफलं खड्ड्यात टाकायला लागले.

"अप्पा, उठा!"

...

"उठा ना, अप्पा! पाया पडतो तुमच्या. उद्या आख्खं गाव येणार आहे इथं!"

अप्पांनी एक शेंग फोडली.

"येऊ दे की. किल्ली द्यायला चार माणसं तू कुठून आणणार होतास?"