एका दिवसाची भूक

फार जुनी गोष्ट आहे. घाटातली वाट तेव्हा माणसांच्या आणि बैलांच्या पायांनीच रुळलेली होती, आणि ती ज्याला पाठ असेल त्यानंच लोकांना वर न्यायचं, अशी रीत होती. घाटाच्या पायथ्याशी एका गावात असाच एक वाटाड्या राहत होता. भिवा त्याचं नाव. खालून आलेल्या वाटसरूंना सांभाळून वरच्या पेठेपर्यंत पोचवायचं आणि वरच्यांना घेऊन खाली यायचं, हे त्याच्या घराण्याचं काम. त्यामुळे तो घरात कमी आणि घाटात जास्त असे.

त्याची बायको हौसा. तिला आधी दोन मुलं झाली आणि दोन्ही अंगावर पीत असतानाच गेली. तिसरा राणू. तो जगला. जगला म्हणूनच हौसाला त्याच्या रडण्याची धास्ती वाटे. दुसऱ्या बायकांना पोर रडलं की राग यायचा, हिला घाम फुटायचा.

घरी खायला तोटा नव्हता. अंगणात शेवगा होता, परसात माठ आणि अंबाडी होती, दावणीला गाय होती. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, एखादी पालेभाजी, वर ताक. राणू लहानपणी हे सगळं आवडीनं खायचा. पातेलं खरवडायला बसला की तोंडभर भाजी माखून घ्यायचा आणि हौसा त्याच्याकडे बघत राहायची.

मग एके वर्षी वेशीबाहेर, घाट सुरू होतो तिथे, एका परगावच्या माणसानं कढई मांडली. पांढऱ्याशुभ्र मैद्याच्या पातळ चकत्या तो उकळत्या तेलात सोडायचा. त्या फुगून वर आल्या की झाऱ्यानं काढायचा आणि त्यावर साखर नि तिखटमीठ भुरभुरवायचा. लोक त्यांना फुलचकत्या म्हणू लागले. वाटसरूंची सोय झाली. ज्याला घाई असे त्याला तीन दगड मांडून चूल पेटवायला नको, भाकरी बांधून आणायला नको. उभ्या उभ्या खाल्लं आणि निघाला. त्या माणसानं कुणाला बोलावलं नाही की कुणाला आग्रह केला नाही. वासच एवढा सुटायचा की पाय आपोआप तिकडे वळत.

राणूला पहिली फुलचकती भिवानंच आणून दिली. बाप घाटातून येताना पोराला काहीतरी आणणारच. राणूनं ती खाल्ली, बोटं चाटली, मग ज्यात ती बांधून आणली होती ते तेलकट पानही चाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ताटातल्या भाजीतली पानं एकेक करून बाजूला काढली.

"हे काय रे?" हौसानं विचारलं.

"हिरवं नको."

"काल खात होतास की."

"आता नको. चकती दे."

पुढे हिरवं नको, त्यानंतर पिठलं नको, ताक आंबट लागतं, दुधाला वास येतो. भाकरीचा पदर सोलून कोरडाच चघळायचा आणि उरलेली ताटाखाली सरकवायचा. हौसा गोष्टी सांगून बघायची, मांडीवर घेऊन भरवायची. घास तो गालात धरून ठेवायचा आणि ती उठली की चुलीच्या राखेत टाकायचा. शेवटी ती कंटाळून वेशीवर जाई आणि चकत्या घेऊन येई. पोटात काहीतरी गेलं ना, असं म्हणून मनाची समजूत घालत असे.

भिवाच्या हे लक्षात आलं. एका सकाळी निघताना तो उंबऱ्याशी थांबला.

"हौसे, आज त्याला चकती द्यायची नाही. भाकरी-भाजी पुढं ठेवायची. खाल्ली तर खाल्ली."

"आणि नाही खाल्ली तर?"

"नाही खाल्ली तर एक दिवस उपाशी राहील. भूक लागली की कुणाचंही पोर खातं. पण तू हलायचं नाहीस."

"नाही हलत," हौसा म्हणाली. तिनं ते मनापासूनच म्हटलं होतं.

सकाळी राणूनं ताट सरकवलं. हौसानं ते झाकून ठेवलं. दुपारी त्यानं ताट पाहिलं आणि आरडाओरडा सुरू केला. हातपाय आपटले, आईच्या लुगड्याला झोंबला, गडाबडा लोळला. हौसा कानाला पदर लावून जात्यावर बसली आणि दळण नसताना जातं ओढत राहिली. एवढं तिनं निभावलं.

पण तिसऱ्या प्रहरी तो थकून गप्प झाला. भिंतीकडे तोंड करून पडला. हौसानं वाकून बघितलं तर डोळे उघडे, ओठ कोरडे. आपली आधीची दोन मुलं अशीच गप्प झाली होती. तिच्या काळजात लक्कन हललं. खरं तर पोर धडधाकट होतं. आणखी घटकाभर गेली असती तर उठून भाकरीला हात घातला असता, नसता घातला तर दुसऱ्या सकाळी घातला असता. पण हौसाला तेवढं थांबणं जमलं नाही. ती अनवाणी वेशीकडे पळाली.

तिन्हीसांजेला भिवा आला. पायावर पाणी घेता घेताच त्यानं विचारलं, "खाल्लं का?"

"खाल्लं," हौसा म्हणाली.

"काय खाल्लं?"

"भाकरी. माठाची भाजी. सगळी खाल्ली."

भिवाचा चेहरा उजळला. "बघ, म्हटलं नव्हतं तुला?"

राणू दाराआडून ऐकत होता. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं मान खाली घातली. त्या दिवसापासून मायलेकांमध्ये एक गुपित झालं. बाप घरी असला की राणू त्याच्या शेजारी बसून चार घास कसेबसे गिळायचा, उरलेलं आई हळूच आपल्या ताटात ओढून घ्यायची. बाप घाटात गेला की वेशीवरून चकत्या येत. भिवा परतला की विचारी, "खातोय ना नीट?" आणि हौसा म्हणे, "खातोय." पहिल्या वेळी तिची जीभ अडखळली होती. पुढे अडखळेनाशी झाली.

राणू वाढला. उंचीला बरा झाला, पण अंगात जोर नव्हता. कातडी खरबरीत, सारखा सर्दी-खोकला. एका संध्याकाळी हौसानं त्याला तांब्या आणायला सांगितला. तांब्या समोर होता आणि पोर जमिनीवर हात फिरवत होतं.

"दिसत नाही का रे?"

"दिवसा दिसतं. आत्ता नाही दिसत."

हौसा जागच्या जागी बसली. हे कशानं झालं ते तिला ठाऊक नव्हतं, पण मनात कुठंतरी ठाऊक होतंही. भिवाला सांगायचं तर पुढचा प्रश्न येणार होता, पोर खातं काय? मग आजवरचं सगळंच सांगावं लागणार होतं.

"बाबांना सांगू नको," ती म्हणाली. "होईल बरं. अंधार पडला की मी आहे. तुला हवं ते मी हातात देत जाईन."

आणि ती देत गेली. दिवस कलला की ती त्याला बाहेर जाऊ देत नसे. ताट त्याच्या गुडघ्याला टेकवून ठेवी. चालताना हलकेच कोपराला धरी. भिवाला वाटायचं, आईचं वेड आहे पोरावर.

राणूच्या ओठावर मिसरूड दिसायला लागली तेव्हा भिवानं त्याला घाटात न्यायला सुरुवात केली. दिवसाउजेडी पोरगा हुशार होता. प्रत्येक वळण, प्रत्येक निसरडा दगड त्याला पाठ झाला. बाप खूश होता. म्हणायचा, "माझ्यामागं वाट बुजायची नाही."

मग एक लग्नाचं वऱ्हाड आलं. घाटावर नवऱ्या मुलाच्या गावी जायचं होतं. म्हाताऱ्या माणसांमुळे निघायलाच उशीर झाला आणि अर्ध्या घाटात दिवस मावळतीला गेला. मागे दोन आज्या रेंगाळल्या होत्या.

"राणू, तू पुढं हो," भिवा म्हणाला. "मी मागच्यांना घेऊन येतो. अजून उजेड आहे, कड्याचं वळण तेवढ्यात पार होईल."

राणूच्या तोंडाशी आलं होतं, की बाबा, मला दिसत नाही. पण इतकी वर्षं तो हेच सांगायचं नाही असं शिकला होता. तो पुढे झाला.

बाकीच्यांना तेव्हा सगळं नीट दिसत होतं. राणूला समोर नुसती राखाडी भिंत दिसत होती. तो पावलं मोजून चालू लागला, मग थांबला.

"चल की पोरा," मागून कुणीतरी म्हणालं. "वाटाड्याचा ना तू?"

तो लाजेनं चालला. पुढचं पाऊल वाटेवर पडलंच नाही.

कड्याच्या अंगाला कारवीचं झुडूप होतं, त्याला तो लोंबकळला. ओरडा ऐकून भिवा माणसांना बाजूला सारत धावत आला. पालथा पडून त्यानं पोराचं मनगट धरलं, मग स्वतः खाली उतरून एका दगडावर पाय रोवला आणि त्याला वर लोटलं. राणू वर आला. भिवाच्या पायाखालचा दगड सुटला.

तो मेला नाही. खालच्या सपाटीवर सापडला, जिवंत. पण कमरेचं हाड मोडलं होतं ते पुन्हा जुळलं नाही. झोळीत घालून त्याला घरी आणलं आणि त्यानंतर तो खाटेवरून उठला नाही.

वैद्य बापाला बघायला आला होता. जाता जाता त्यानं पोराच्या डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या.

"हा खातो काय?" त्यानं विचारलं.

हौसा खाली बघत चुलीतली लाकडं सारू लागली.

"रातांधळेपण आहे. दूध-तूप नाही, पाला नाही, तर डोळ्यांना मिळणार काय? अंगणातला शेवगा खायला घाला, म्हणजे अंधारातलं थोडंफार दिसू लागेल. पण डाव्या डोळ्यात फूल पडलंय. ते आता जायचं नाही."

वैद्य गेला. मग भिवा आढ्याकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी त्यानं खाल्लं नव्हतं ना?"

"नाही," हौसा म्हणाली.

"त्याच्यानंतर?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मला सांगायचं होतंस. त्याला दिसत नाही एवढं तरी सांगायचं होतंस, हौसे. मी त्याला पुढं पाठवलं."

ती त्याच्या पायांशी बसून राहिली. त्यानं शिव्या घालाव्यात, भांडं फेकून मारावं, असं तिला वाटत होतं. त्यानं त्यातलं काही केलं नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि त्यानंतर त्या विषयावर तो कधीच बोलला नाही. तिच्याशीही कामापुरतंच बोले.

हौसा आता रोज शेवग्याचा पाला खुडी, निवडी, शिजवी. राणूही आता हट्ट करत नव्हता. बापाकडे बघत तो घास तोंडात घाली. पण इतक्या वर्षांत त्याचा घसा ते विसरला होता. घास खाली उतरायचा नाही. डोळ्यांतून पाणी येई आणि तो परसात जाऊन सगळं ओकून टाकी. पुन्हा येऊन ताटावर बसे.

"आई, मला खायचंय गं," तो एकदा म्हणाला. "पण जात नाही."

लहानपणी एका दिवसाच्या भुकेनं जे सहज झालं असतं, ते आता त्याची खूप इच्छा असूनही होत नव्हतं. दहा घासांतले दोन पोटात राहत. तेवढ्यानं उजव्या डोळ्याला संध्याकाळचं थोडं धूसर दिसू लागलं. डावा पांढराच राहिला. घाटातली वाट दुसऱ्या एका घराण्याकडे गेली.

एके दिवशी हौसा वेशीवरून सरपण घेऊन येत होती. कढईपुढे शेजारची पारू उभी होती आणि तिची लहान मुलगी पदर ओढत रडत होती. घरून बांधून आणलेली भाकरी तिनं मातीत टाकली होती. हौसानं मोळी खाली ठेवली.

"पारू, देऊ नकोस गं तिला," ती म्हणाली. "रडू दे. भूक लागली की घरचं खाईल. मी हेच केलं नाही, म्हणून आज अशी वेळ आली."

पारूनं तिच्याकडे दयेनं पाहिलं. "तुमच्या राणूचं वेगळं होतं, हौसाकाकू. माझी अशी रोज रोज मागत नाही. कधीतरी खाते बिचारी."

तिनं चकत्या घेतल्या. रडणं त्याच क्षणी थांबलं. पोरगी हसली, आईही हसली, आणि दोघी हात धरून निघून गेल्या.

कढईवाला झाऱ्यातलं तेल निथळवत होता. हौसानं त्याच्याकडे बघितलं. त्यानं कुणाच्या घरात शिरून कुणाला भरवलं नव्हतं. दिवस कलत आला होता. राणू एकटा अंगणात असेल, या विचारानं तिनं मोळी डोक्यावर घेतली आणि ती घराकडे चालू लागली.

या गोष्टीचं तात्पर्य कडू आहे, पण लेकरांना आणि त्यांच्या आईबापांना सांगायलाच हवं: लेकराचं आजचं रडणं ज्याला सोसवत नाही, त्याला पुढे लेकराचं दुःख जन्मभर सोसावं लागतं, आणि जिभेचे लाड लपवायला बोललेलं खोटं सगळ्या घराला उपाशी ठेवतं.